दोन चुलींचं घर

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं दोन गृहस्थ आले. ओळखीच्या एका दुकानदाराचं नाव सांगत आले, चपला दारात काढल्या, चहाला आधी नको म्हणाले आणि मग घेतला. बोलणं अदबीचं. कप खाली ठेवल्यावर त्यांतल्या वयस्कर माणसानं विषय काढला. "बाई, तुमच्या लेकीचं कानावर आलं. जिवाला लावून घेऊ नका. अशी कितीतरी लेकरं आम्ही घरी आणलीत." आणि तेरच्या गोरोबाकाकांचा दाखला दिला. चिखलात तुडवलं गेलेलं लेकरू पंढरीनाथानं परत दिलं, मग धडधाकट लेकरू परत आणायला कितीसा वेळ?

थोड्याच दिवसांनी, लेक ज्या चर्चमध्ये जाते तिथले पास्टर सोलापूरला कामानं आले होते, ते वाट वाकडी करून धाराशिवला आले. तेही अदबशीर. त्यांनी हरवलेल्या मुलाची गोष्ट सांगितली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि उठताना म्हणाले, "आई, एक दिवस तुम्हीही याल. मग हे घर एक होईल."

दोघांच्याही वागण्यात राग यावा असं काही नव्हतं. मला राग आला तो त्यांच्या एकमताचा. एकमेकांची तोंडं न पाहणारी ही माणसं एका गोष्टीवर ठाम होती: ताटातूट झाली म्हणजे कुणीतरी वाट चुकलं, आणि भेट म्हणजे चुकलेल्यानं दुसऱ्याच्या अंगणात येणं. एक म्हणतो लेकीनं यावं, दुसरा म्हणतो आईनं. मध्ये उभं राहून हात धरता येतो हे दोघांच्याही हिशेबात नाही.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना ते ठाऊक आहे. काही वर्षं ती आली नाही, आता येते. नवरात्रात तुळजापूरला गर्दी असते म्हणून ते दिवस टाळून येते, फराळाला बसते, रविवारी सकाळी फोनवर तिची उपासना ऐकते. ती परत आली का? त्या दोन गृहस्थांच्या हिशेबानं नाही, पास्टरांच्या हिशेबानं मीही अजून बाहेरच. माझ्या हिशेबानं ती आली आहे. या हिशेबाला आपल्याकडं किती जुना आधार आहे, ते मला इथं सांगायचंय.

गोरोबाकाकांची गोष्ट आधी घेते, कारण ती घरची आहे. तेरणेच्या काठावरच्या त्यांच्या देवळात आम्ही लहानपणापासून जातो. महिपतींनी 'भक्तविजया'त सांगितलेली कथा सगळ्यांना पाठ आहे. बायको संती पाण्याला गेली, लेकरू नवऱ्याच्या भरवशावर टाकून गेली, आणि माती तुडवता तुडवता भजनात हरवलेल्या गोरोबांच्या पायाखाली ते गेलं. शेवट पंढरपुरात, नामदेवांच्या कीर्तनात, रांगत येणाऱ्या लेकराचा. आमच्या पाहुण्यांनी चिखलातून थेट पंढरपुरात उडी मारली. पण मधली गोष्ट केवढी मोठी आहे! संतीनं नवऱ्याच्या भक्तीलाच दोष दिला, तो मारायला धावला, तिनं विठ्ठलाची आण घातली की मला शिवायचं नाही. मग एकाच घरात, एकाच छपराखाली, नवरा-बायको एकमेकांना न शिवता राहिले. दुसरं लग्न झालं, सासऱ्यानं दोघींना सारखं वागवायची आण घातली, म्हणून दुसरीलाही स्पर्श नाही. पुढं हात तोडून घेण्यापर्यंत गोष्ट गेली. कथेतला बहुतेक काळ हे घर मोडलेलंही नाही आणि जुळलेलंही नाही. शेवटी लेकरू मिळतं तेव्हा आणेचा प्रश्नही सुटतो, पण संतीनं नवऱ्याच्या भक्तीवर जो आक्षेप घेतला होता तो मागं घेतला का, हे तिला कुणी विचारत नाही. विचारल्यावाचून लेकरू तिच्या कडेवर येतं. मला या कथेत हेच आवडतं. तिच्याकडून कबुलीजबाब मागून मग मूल हातात दिलं असतं, तर ती कथा तेरच्या बायकांनी सातशे वर्षं सांगितली नसती.

ख्रिस्ती बाजूचा जुना पट्टा मी भरभर ओलांडते, कारण त्यावर फारसा वाद नाही. बायबलमध्ये ताटातुटीची भाषा भेटीच्या भाषेपेक्षा कडक आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू बापलेकांत, मायलेकींत फूट पडेल असं स्पष्ट बजावतो. बारा वर्षांचा असताना तो स्वतः यरुशलेमेत मागं राहतो आणि मरिया तीन दिवसांनी त्याला मंदिरात शोधून काढते, तेव्हा त्याचं उत्तर कुठल्याही आईला झोंबेल असंच आहे. पुढं ऑगस्टीनसाठी रडणारी मोनिका येते. तिचा मुलगा ३८७ साली बाप्तिस्मा घेतो आणि त्याच वर्षी ती जाते. प्रवचनांत आईच्या अश्रूंचं फळ म्हणून हे इतकं सांगितलं जातं, की रडत राहिलं की मूल वळतं असा नियमच वाटायला लागतो.

राहता राहिला लूकच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेला मुलगा. पास्टरांनी तो पश्चात्तापाची गोष्ट म्हणून सांगितला. मूळ गोष्टीत मुलगा परत निघतो तो भुकेमुळं. वाटेत तो एक भाषण जुळवून ठेवतो, आणि बाप ते पुरं होऊ देत नाही. मुलगा दूर असतानाच बाप धावत सुटतो. तो काय बोलणार आहे, मनातून बदललाय की नाही, हे त्याला कळायचंय कुठं? शिवाय घरी राहिलेला थोरला रुसून बाहेर उभा राहतो तेव्हा बाप त्याच्याकडंही बाहेर जातो. दोन मुलगे, दोघांसाठी उंबरा ओलांडणारा एकच माणूस, आणि तो वयानं सगळ्यांत मोठा. (आई या गोष्टीतही नाही. मोठी माणसं गोष्टी सांगताना आईला पाणी आणायला पाठवतात असं दिसतं.)

महाराष्ट्रात लेकरू परत आणण्याचा हा प्रश्न कागदावर आला तो कोर्टाच्या. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं राहत होता. तो अल्पवयीन, म्हणून बापानं सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि मुलगा बापाच्या ताब्यात देण्यात आला. मुलाची इच्छा निर्णायक ठरली नाही, बापाचा हक्क ठरला. घरवापसी म्हणावी तर ही आपल्याकडची एक गाजलेली. आणि पुढं झालं काय? श्रीपत ख्रिस्ती लोकांत जेवला होता, म्हणून घरच त्याला घेईना. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धी करून त्याला जातीत घेण्यासाठी पुढाकार घेतला, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उठली. ज्यांनी मुलाला जवळ केलं त्यांच्यावर बहिष्काराचं सावट आलं. कोर्टानं लेकरू मिळवून दिलं आणि पंगतीनं ते नाकारलं. घरवापसीचे आजचे पुरस्कर्ते जांभेकरांचं नाव अभिमानानं घेतात, ते घ्यावंही. पण त्या प्रकरणात त्यांच्यासमोर उभे होते ते घरचेच लोक, हेही सोबत सांगावं.

थोरला भाऊ नारायण परत आला नाही. तो आपल्याकडं, निजामाच्या मुलखात आला. दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ त्यानं बेथेल वसवलं. ज्यांना गावात वेशीबाहेर ठेवलं होतं अशा मांग कुटुंबांना तिथं वस्ती मिळाली. मराठवाड्यातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची आठवण तिथपर्यंत जाते. 'घर' सोडून गेलेला म्हणून ज्याची कीव केली जाते, त्या माणसानं ज्यांना घरच नव्हतं त्यांचं गाव उभं केलं. 'परत या' म्हणताना कुठल्या घरात परत, हा प्रश्न आमच्या भागात म्हणूनच टाळता येत नाही.

पंडिता रमाबाईंवर मला इथं थोडंच बोलायचंय. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचं सगळ्यांत कडवट भांडण झालं ते हिंदूंशी नव्हे, वाँटेजच्या सिस्टरांशी, आणि मनोरमेला काय शिकवायचं यावरून. आपल्याला अजून न पटलेली तत्त्वं आपल्या लेकीच्या गळी उतरवू नयेत, एवढंच रमाबाईंचं म्हणणं. अ. बा. शहांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना जाणवतं की दोन्ही बाजू ख्रिस्तीच होत्या आणि तरी ओढाताण श्रीपतच्या कोर्टातल्यासारखीच होती. मूल कुणाचं? पुढं मायलेकी केडगावला एकत्र राबल्या. आमच्या उमरग्याला लागून असलेल्या गुलबर्ग्यातल्या शाळेच्या कामातही मनोरमा होती. १९२१च्या जुलैत ती गेली, आणि नऊ महिन्यांच्या आत, एप्रिल १९२२मध्ये, रमाबाई गेल्या.

अशा वेळी सांत्वनाला आलेली माणसं 'वर भेट होईल' म्हणतात. स्वर्ग म्हणजे सगळं कुटुंब पुन्हा एकत्र बसलेलं घर, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी आणि अमेरिकन घरांत फार फोफावली, कारण त्या घरांत लेकरं फार मरत होती. मिशनबरोबर ती इथं आली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं आमच्या लोहारा-उमरग्याची गावं मातीत घातली, तेव्हा मदतीला आलेल्या नाना पंथांच्या तोंडी हेच वाक्य होतं. आईला ते खरंच टेकू देतं, मी त्याची चेष्टा करणार नाही. पण त्याच्यामागं कधी कधी बारीक अक्षरात एक अट असते: विश्वास ठेवणाऱ्यांचीच भेट. सास्तूरला ढिगाऱ्यासमोर बसलेल्या बाईला ही अट सांगणाऱ्यापेक्षा नळदुर्गजवळ 'आपलं घर' काढून पोरक्या मुलांना जेवूखाऊ घालणारे पन्नालाल सुराणा मला देवाच्या जास्त जवळचे वाटले. ते समाजवादी होते आणि हे वाक्य त्यांना आवडलं नसतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, मुलगा दत्तू लहान होता. पुढचं सांगायची गरज नाही. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून आपल्याकडं वाचली जातात, विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी केलेला चित्रपटही पुष्कळांनी पाहिलाय. पण कुणालाही विचारा, टिळक पती-पत्नी पुन्हा एकत्र कसे आले? उत्तर एका ओळीत येतं: बाई शेवटी नवऱ्यामागं गेल्या आणि ख्रिस्ती झाल्या. ज्यांना पातिव्रत्य आवडतं ते ही ओळ कौतुकानं म्हणतात, ज्यांना मिशन आवडतं ते ती प्रार्थनेचं फळ म्हणून म्हणतात, आणि अलीकडची शिकलेली माणसं म्हणतात की बिचारीला दुसरा मार्गच नव्हता. तिघंही तीन वेगवेगळ्या घटना एका ओळीत कोंबतात.

लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरकडं नवऱ्याजवळ राहायला आल्या, ही पहिली घटना. त्यांनी जातिभेद आणि सोवळं-ओवळं टाकलं, ही दुसरी. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, ही तिसरी. या तिन्ही एकापाठोपाठ एक झाल्या, मध्ये अंतर होतं, आणि सगळा अर्थ त्या अंतरात आहे. नवऱ्याजवळ आल्या तेव्हा त्या हिंदू होत्या, नुसत्या नावाला नव्हे, कडक सोवळ्याच्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. ज्याला त्यांच्या सगळ्या गोतावळ्यानं बाटगा ठरवलं होतं त्या माणसाच्या घरात त्यांचं स्वयंपाकघर ब्राह्मणाचंच राहिलं. जातिभेदाचा निकाल त्यांनी पुढं लावला तो स्वतःच्या डोक्यानं विचार करून, माणसामाणसांतला हा भेद देवानं केलेला नाही, आपणच केलाय, असं मनाशी ठरवून. तो निकाल लागल्यावरही बाप्तिस्मा लगेच घेतला नाही. तो आणखी पुढं.

म्हणजे भेट आधी झाली आणि एकमत नंतर. आपण मात्र गोष्ट उलटी सांगतो.

"दुसरा मार्गच नव्हता" या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी उडवून लावत नाही. १८९०च्या दशकात नवऱ्यानं धर्म सोडलेली ब्राह्मण बाई, पदरात मूल, भावाच्या आणि बहिणीच्या घरचं अन्न. लक्ष्मीबाई या काळातला काही भाग पंढरपूरला बहिणीकडं राहिल्या. त्यांना भ्रम व्हायची पाळी आली होती. पण लाचारीनं फार तर त्यांचं नगरला येणं समजतं. लाचार माणूस लवकर पडतं घेतो, आल्याबरोबर सगळं मान्य करून टाकतो, कारण त्यालाच आसऱ्याची गरज असते. लक्ष्मीबाईंनी तसं केलं नाही. आसरा घेतला आणि चूल वेगळी मांडली. लाचारीचा सिद्धांत त्या वेगळ्या चुलीपाशी अडतो.

आणि टिळक? त्यांच्या हातात कायदा होता, हे कुणी लक्षातच घेत नाही. १८६६ साली सरकारनं धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. धर्मांतरामुळं बायको सहा महिने नवऱ्यापासून दूर राहिली तर त्यानं कोर्टात जावं, कोर्टानं तिला विचारावं, वर्षभर खटला तहकूब ठेवावा, आणि तरीही ती नाहीच म्हणाली तर लग्न मोडून त्याला दुसरं लग्न करायची मुभा द्यावी. टिळकांची ताटातूट सहा महिन्यांची नव्हती, काही वर्षांची होती. मुलावर तर त्या काळच्या कायद्यानं बापाचाच हक्क, श्रीपतच्या खटल्यानं ते अर्धं शतक आधीच दाखवून दिलं होतं. टिळक शांत, धीराचे गृहस्थ असते तर ते कोर्टात गेले नाहीत यात नवल नव्हतं. पण 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे की हा माणूस किती तडकाफडकी होता. मनात आलं की निघाला, हातात आलं की देऊन टाकलं, राग आला की घर डोक्यावर घेतलं. अशा माणसानं या एका बाबतीत बायकोच्या चुलीशी वेगळ्या पाण्याचा घडा ठेवू दिला. त्यांनी वाद घातले, समजावलं, त्यांची तळमळ लपलेली नव्हती. पण अट घातली नाही. आधी माझा धर्म, मग माझं घर, असं म्हटलं नाही.

त्यांना हे का जमलं? एक कारण त्यांच्या विश्वासातच आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. ज्याला असं वाटतं त्याच्या दृष्टीनं मागचा काठ बुडालेला नसतो. त्यामुळं बायको त्या काठावर आहे म्हणजे ती हरवली आहे, असं त्यांना मानायची गरज पडली नाही. हे कारण बहुतेक अभ्यासक सांगतात. दुसरं कारण मी स्वतःच्या जबाबदारीवर मांडते: उलट्या दिशेनंही शिकवण झाली. त्या वेगळ्या चुलीनं टिळकांना शिकवलं.

पुरावा वीस वर्षांनंतरचा आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्याबद्दल लिहिताना कुणी वारकरी फडाचा आदर्श सांगतं, कुणी राष्ट्रवादाचा वारा, कुणी गोऱ्या मिशनऱ्यांच्या वरचढपणाचा त्यांना आलेला वीट. सगळं खरं असेल. पण दरबारातली सगळ्यांत धाडसी गोष्ट ही होती की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र असायचे. आधी आत या, मग बाकीचं बघू. नाही झालं तरी बसा. ही कल्पना त्यांना फडावर मिळाली असेल, पण फडावरून परत गेल्यावर माणसं आपापल्या जातीच्या पंगतीत जेवतात. दोन विश्वासांची माणसं एका छपराखाली रोज, भांडण न मिटवता, जेवणखाण करून कशी राहतात, हे टिळकांनी कुठं पाहिलं होतं? स्वतःच्याच घरात. ख्रिस्ती धर्मविचारात आपल्या भाषेनं घातलेली मोठी भर कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी टिळकांच्या अभंगांच्या आधी या दरबाराचं नाव घेईन, आणि त्याच्या मुळाशी ज्या बाईची चूल आहे तिचं नाव त्याहून आधी.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली, आणि त्यांच्यामागं तो टिकला नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना आपलं म्हणायला चर्चची तयारी नव्हती, आणि बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला आपलं म्हणणाऱ्यांना जातीची भीती होतीच. एका घरात जमलेली गोष्ट संस्थेत जमली नाही, हे मला मान्य आहे. पण मग संस्थांनी घरांना शिकवायला येऊ नये.

आमच्या गावात हे सगळं थोडा वेळ पुन्हा समोर आलं होतं. जानेवारी २०२०मध्ये इथं त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा गावाचं नाव उस्मानाबादच होतं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्या पदावर बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. संमेलननगरीला नाव संत गोरोबाकाकांचं. निवड झाल्यापासून त्यांना विरोध, फोनवर दमदाटी, उद्घाटक ना. धों. महानोरांनाही 'जाऊ नका' असं सांगणं. ज्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं आणि 'सुवार्ता' चालवली, त्या माणसावर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, हा आधी 'परत' आला पाहिजे, मग मराठी. प्रकृती साथ देत नसताना ते चाकाच्या खुर्चीवरून आले. अध्यक्षाच्या खुर्चीत बसण्यासाठी ना त्यांनी झगा काढला, ना गोरोबांच्या नावाला कुणी हात लावला. २५ जुलै २०२४ रोजी ते वसईत वारले. मृत्यूनंतर त्यांच्याबद्दल जे लिहून आलं त्यात 'धर्मगुरू असूनही' ही शब्दयोजना इतक्यांदा होती, की मी मोजणं सोडून दिलं.

आता कायद्याकडं पुन्हा येते, कारण त्या दोन गृहस्थांनी जाताना तीही ग्वाही दिली: "बाई, आता कायदेही येतायत. तुम्ही फक्त सही करा." काही राज्यांत ते आलेलेही आहेत. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यानं धर्मांतराविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार आईबापांना, भावंडांना, रक्ताच्या आणि लग्नाच्या नातेवाइकांना दिला. २०२४च्या दुरुस्तीनंतर तो कुणालाही मिळाला. याच कायद्यात, आधीच्या धर्मात परतणं हे धर्मांतर धरलं जात नाही. म्हणजे लेकीनं जायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्याला आधी कळवायचं, आणि यायचं असेल तर कळवण्याची गरज नाही. १८६६च्या कायद्यात गेलेला माणूस अर्जदार होता आणि मागं राहिलेली बाई प्रतिवादी. आता मागं राहिलेली आई तक्रारदार आणि गेलेली लेक पीडित. बाजू बदलल्या, कागद तोच. दोन्हींत एक गोष्ट सारखी: मधल्या काळात कोण काय शिजवेल, सणाला कोण कुणाकडं जाईल, प्रार्थनेच्या वेळी दुसऱ्यानं टीव्ही बंद करायचा की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. जुन्या कायद्यानं वर्षभर थांबायला तरी सांगितलं होतं.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक आक्षेप मुलीनंच घेतला. ती म्हणाली, "आई, शेवटी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्याच ना? मग पास्टर चुकीचं काय म्हणाले?" झाल्या, आणि मनापासून झाल्या. टिळकांमागं त्या सतरा वर्षं जगल्या. नवऱ्यानं अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढं नेलं आणि ते पुरं व्हायला देवदत्ताचा, म्हणजे त्या दोन चुलींच्या घरातल्या दत्तूचा, हात लागला. पण 'स्मृतिचित्रे' लिहिणारी बाई तीस-पस्तीस वर्षांची जुनी ख्रिस्ती होती, हे ध्यानात ठेवून ती पानं वाचावीत. साक्ष देणारी माणसं आधीचं आयुष्य अंधारकोठडी म्हणून सांगतात. लक्ष्मीबाई तसं करत नाहीत. आपल्या सोवळ्याला त्या हसतात, टिळकांच्या धांदलीलाही तितक्याच हसतात. त्यांच्या पुस्तकात कुणी हरवलेलं नाही आणि कुणाला कुणी जिंकून आणलेलं नाही.

मी मुलीला घरातली प्रत दिली. तिनं ती पास्टरांना वाचायला दिली, आणि त्यांनी वाचून परतही पाठवली. बाप्तिस्म्याच्या पानांवर त्यांच्या पेन्सिलीच्या पुष्कळ खुणा आहेत, समासात वचनांचे आकडेही आहेत. वेगळ्या चुलीच्या आणि वेगळ्या पाण्याच्या पानांवर एकही नाही.